किनाऱ्यावरची चढाई आणि किनाऱ्याचा बचाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रातून सैन्य उतरवण्याबद्दलचे बहुतेक प्रश्न सिनेमातल्या एका दृश्यावरून सुचलेले असतात. नौकेचं दार पडतं, माणसं पाण्यात उड्या मारतात, मशीनगन सुरू होते. असं घडलंच. पण निकाल बहुधा त्या दृश्याच्या आधी काही महिने आणि नंतर दहा-पंधरा दिवस चाललेल्या कामावर ठरला. त्या कामात वाळू, उतार, भरती, रस्ते आणि रसद यांचा हिशेब गोळ्यांपेक्षा जास्त असतो. खालची उत्तरं मुख्यतः दुसऱ्या महायुद्धावर बेतली आहेत, कारण इतक्या मोठ्या प्रमाणावर हा प्रकार त्याआधी झाला नव्हता आणि त्यानंतरही झालेला नाही.

उतरण्यासाठी किनारा निवडताना काय पाहतात?

पाहायच्या गोष्टी पाच-सहाच आहेत: पुळणीचा उतार, वाळूचा कस, भरती-ओहोटीतला फरक, लाटांपासून आडोसा, किनाऱ्यावरून आत जाणारे रस्ते आणि आपल्या विमानतळांपासूनचं अंतर. यातल्या रस्त्यांकडे नवखा माणूस हमखास दुर्लक्ष करतो. पुळण कितीही रुंद असो, तिच्यामागे कडा, दलदल किंवा भिंत असेल आणि वर जायला दोनच वाटा असतील, तर बचाव करणाऱ्याला फक्त त्या दोन वाटा अडवायच्या असतात. ६ जून १९४४ ला दोस्त सैन्य फ्रान्समधल्या नॉर्मंडीत उतरलं. तिथे अमेरिकनांच्या वाट्याला आलेल्या ओमाहा किनाऱ्यामागे तीस ते पन्नास मीटर उंचीचा चढ होता आणि त्यातून वर जाणाऱ्या घळी होत्या पाच. जर्मन ठाणी त्या घळींच्या तोंडाशीच होती. शेवटी पायदळ घळी सोडून मधल्या चढावरून वर गेलं आणि ठाण्यांवर मागून आलं. पण गाड्यांना घळीच लागतात, त्यामुळे घळी उघडेपर्यंत वाहनं पुळणीवर दाटीवाटीने अडकून पडली.

आणखी एक निकष नकाशावर दिसत नाही, तो म्हणजे तिथे शत्रू किती आहे. १९८२ मध्ये ब्रिटिशांनी अर्जेंटिनाने घेतलेल्या फॉकलंड बेटांवर उतरायला सान कार्लोसची खाडी निवडली. ती राजधानी स्टॅन्लीपासून दूर होती आणि तिथून पुढे चालत जावं लागणार होतं. पण तिथे बचाव जवळजवळ नव्हता.

उताराला इतकं महत्त्व का?

एक उदाहरण आकड्यांत पाहू. रणगाडे उतरवणारं मोठं जहाज, म्हणजे एलएसटी, सुमारे १०० मीटर लांब असतं. किनाऱ्याला लागताना त्याचा पुढचा भाग साधारण १ मीटर आणि मागचा भाग साधारण २.९ मीटर पाण्यात असतो. म्हणजे त्याच्या तळालाच सुमारे १:५० चा उतार आहे. पुळणीचाही उतार तेवढाच असेल तर जहाज पूर्ण लांबीने टेकतं आणि दारासमोर कंबरेएवढं पाणी राहतं.

आता पुळण सपाट आहे, उतार १:१००, असं धरा. जहाजाचा मागचा भाग २.९ मीटर पाण्यात आधी टेकतो आणि जहाज थांबतं. दार तिथून ९५ मीटर पुढे आहे, पण तेवढ्या अंतरात तळ जेमतेम ९५ सेंटिमीटर चढला आहे. म्हणजे दारासमोर १.९५ मीटर पाणी. पाठीवर ओझं असलेला माणूस तिथे उतरला तर थेट बुडतो.

डिसेंबर १९७१ मध्ये कॉक्स बाजारला भारतीय तुकड्या उतरवताना हीच गत झाली. किनाऱ्याची नीट टेहळणी करायला वेळ नव्हता, जहाजं अलीकडेच टेकली, दारापुढे खोल पाणी निघालं आणि जवान बुडाले. शत्रूच्या गोळीबाराचा यात काही संबंध नव्हता.

उपाय तीन. एक, तरंगत्या पोकळ पेट्या जोडून दारापासून किनाऱ्यापर्यंत पूल टाकायचा. १९४३ मध्ये सिसिलीत तो वापरला. दोन, माल लहान नौकांत किंवा तराफ्यांवर उतरवून न्यायचा, याला वेळ लागतो. तीन, भरतीच्या वेळी जहाज चढवायचं, ओहोटीला ते कोरडं पडू द्यायचं, गाड्या कोरड्या वाळूवर उतरवायच्या आणि पुढच्या भरतीला निघायचं. तिसरा उपाय नॉर्मंडीत सर्रास झाला. जहाजाचा कणा मोडेल अशी आधी भीती होती, ती फोल ठरली. मात्र तेवढा काळ जहाज एका जागी खिळून राहतं, म्हणून आकाश आपलं हवं.

परत फिरताना एलएसटी मागच्या नांगराच्या जोरावर निघतं. किनारा गाठण्याआधी मागून नांगर टाकायचा, दोर सोडत पुढे जायचं आणि निघताना तोच दोर गुंडाळायचा. नांगर उशिरा टाकला की दोर तोकडा पडतो आणि जहाज लाटेबरोबर आडवं होऊन पुळणीवर बसतं.

पाण्याखालचे चर म्हणजे काय? त्यांची एवढी भीती कशाला?

सपाट किनाऱ्यावर वाळूचे दांडे आणि त्यांच्यामधले चर किनाऱ्याला समांतर पसरलेले असतात. नौका दांड्यावर टेकते, खलाशाला वाटतं किनारा आला, दार पडतं, पहिली जीप गुडघाभर पाण्यातून निघते आणि दहा मीटर पुढे दीड मीटरच्या चरात गडप होते. वादळानंतर हे चर जागा बदलतात, त्यामुळे जुना नकाशा दगा देतो. पहिल्या गाडीआधी हातात काठी घेतलेला माणूस पाण्यात उतरवणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त इलाज आहे.

वाळू कशी आहे हे शत्रूच्या किनाऱ्यावर न जाता कसं कळतं?

बरंचसं कळतं, सगळं नाही. एकाच किनाऱ्याचे भरतीच्या वेगवेगळ्या वेळचे हवाई फोटो घेतले की पाण्याची कड किती सरकली ते मोजता येतं. पाण्याची पातळी किती बदलली हे भरतीच्या तक्त्यावरून ठाऊक असतं. दोन्ही जुळवले की उतार निघतो. लाटा कुठे फुटतात त्यावरून दांडे ओळखू येतात. १९४२ मध्ये बीबीसीवरून ब्रिटिश जनतेला आवाहन केलं गेलं की युरोपच्या किनाऱ्यावर सुट्टीत काढलेले फोटो आणि पोस्टकार्डं पाठवा. त्याला लाखोंनी प्रतिसाद आला. पोहायच्या कपड्यांतल्या माणसांच्या मागे समुद्राची भिंत किती उंच दिसते, हे त्यांतून मोजलं गेलं.

पण वाळू रणगाड्याचं वजन पेलेल का, हे फोटो सांगत नाही. नॉर्मंडीच्या पुळणीखाली कुजकट माती आणि चिकण गाळाचे पट्टे असल्याची शंका होती. म्हणून १९४३ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री लोगन स्कॉट-बाउडन आणि ब्रूस ऑग्डन-स्मिथ हे दोघे ब्रिटिश सैनिक पोहत किनाऱ्यावर गेले. त्यांनी हाताच्या गिरमिटाने वाळूचे नमुने काढले, नळ्यांत भरले आणि तसेच पोहत परतले. मऊ पट्टे खरोखरच होते. त्यावर उपाय म्हणून रणगाड्यावर जाड कापडाचं मोठं रीळ बसवलं गेलं. ते पुढे उलगडत जायचं आणि मागच्या गाड्या त्या पायघडीवरून जायच्या.

अशी तपासणी अपुरी पडली की काय होतं, ते १९ ऑगस्ट १९४२ ला फ्रान्समधल्या दिएपला दिसलं. तिथे वाळू नव्हती, गारगोटीसारखे गोल कठीण दगड होते. चर्चिल या ब्रिटिश रणगाड्यांच्या पट्ट्यांत ते अडकले, पट्टे तुटले किंवा निसटले, काही रणगाडे जागीच रुतले. जे वर चढले ते गावात शिरणाऱ्या रस्त्यांच्या तोंडाशी बांधलेल्या काँक्रीटच्या भिंतींपाशी अडले, आणि त्या भिंती उडवणारे सॅपर, म्हणजे स्फोटकं हाताळणारे सैनिक, बहुतांशी पुळणीवरच पडले होते. त्या चढाईवर गेलेल्या सुमारे ५,००० कॅनेडियनांपैकी ९०७ मेले आणि १,९०० हून अधिक पकडले गेले.

भरतीला उतरायचं की ओहोटीला?

भरतीला उतरलं तर उघड्या वाळूवरून कमी धावावं लागतं, पण पाण्यातले अडथळे बुडालेले असल्यामुळे दिसत नाहीत. ओहोटीला अडथळे उघडे पडतात, पण शेकडो मीटर उघड्यावरून जावं लागतं. शिवाय उतरत्या पाण्यात टेकलेली नौका तिथेच अडकते.

नॉर्मंडीत मधला मार्ग निवडला: पाणी ओहोटीच्या तळाला जाऊन चढायला लागल्यावर उतरायचं. म्हणजे सॅपरना अडथळे कोरडे मिळतात, आणि टेकलेली नौका चढत्या पाण्यावर आपोआप सुटते. त्याच्या जोडीला पहाटेनंतरचा थोडा उजेड हवा होता, आणि आदल्या रात्री पॅराशूट तुकड्यांसाठी चंद्रप्रकाश. हे सगळं जुळणारे दिवस जून १९४४ मध्ये मोजकेच होते: ५, ६ आणि ७ तारीख. हवामानामुळे ५ चुकली. ७ नंतर थेट १८ च्या आसपास थांबावं लागलं असतं, आणि १९ ते २२ जूनला इंग्लिश खाडीत मोठं वादळ झालं. भरती पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते, म्हणून अमेरिकनांची वेळ साडेसहाची होती आणि ब्रिटिश-कॅनेडियन किनाऱ्यांवर सुमारे तासाभराने उशिराची.

कोरियातल्या इंचॉनचा मामला याहून कठीण होता. १५ सप्टेंबर १९५० ला तिथे भरती-ओहोटीतला फरक ९ मीटरच्या घरात होता आणि ओहोटीला मैलोगणती चिखल उघडा पडायचा. म्हणून सकाळच्या भरतीला आधी वोल्मीदो बेट घेतलं. मग पाणी गेलं आणि ती तुकडी बारा तास एकटी राहिली. मुख्य चढाई संध्याकाळच्या भरतीला झाली. तिथे पुळण नव्हतीच, दगडी बांध होता, म्हणून नौकांच्या नाकाडावर शिड्या बांधून नेल्या होत्या.

तरावाला काय चुकलं?

भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती. नोव्हेंबर १९४३ मध्ये प्रशांत महासागरातल्या तरावाच्या बेशिओ या जपान्यांच्या ताब्यातल्या बेटाभोवतीच्या प्रवाळ खडकावर नौकांना साधारण चार फूट पाणी हवं होतं. मिळालं तीनच्या आसपास. त्या दिवसांत भरती नेहमीएवढी चढलीच नाही. पट्ट्यांवर चालणारी उभयचर वाहनं, एलव्हीटी, खडकावरून सरपटत गेली, पण ती १२५ होती आणि पहिल्या तीन लाटांपुरतीच पुरली. मागून आलेल्या नौका खडकावर अडल्या आणि सैनिकांना सुमारे पाचशे मीटर पाण्यातून, गोळीबारात, चालत जावं लागलं. ७६ तासांच्या लढाईत हजाराच्या आसपास अमेरिकन मेले.

धोका आधी कुणी सांगितलाच नव्हता असं नाही. त्या पाण्यात वर्षानुवर्षं जहाजं चालवलेल्या माणसांनी भरती दगा देईल असा इशारा दिला होता. तो जोखीम म्हणून स्वीकारला गेला. तरावानंतर दोन गोष्टी बदलल्या: एलव्हीटींची संख्या वाढली, आणि पाण्याखाली पोहून तळ मोजणारी व अडथळे उडवणारी पथकं तयार झाली.

पाण्यातले अडथळे कसे असतात?

हे रणगाडे अडवण्यासाठी आहेत असं बऱ्याच जणांना वाटतं. नॉर्मंडीत त्यांचं लक्ष्य नौका होत्या. समुद्राकडून येताना साधारण असा क्रम लागायचा:

- सर्वांत पुढे लोखंडी फाटकं, सुमारे ३ मीटर रुंद. ती बेल्जियमने रणगाडे अडवण्यासाठी बनवली होती. जर्मनांनी उचलून किनाऱ्यावर आणली.
- मग समुद्राकडे झुकलेले लाकडी खांब आणि ओंडक्यांचे उतरते घोडे. टोकाला टेलर सुरुंग (रणगाड्यांसाठीचा थाळीसारखा जर्मन सुरुंग) किंवा तोफेचा गोळा. नौका ओंडक्यावर चढली की उलटते किंवा स्फोट होतो.
- किनाऱ्याजवळ पोलादी ‘साळिंदर’: तीन लोखंडी अँगल मध्यावर एकमेकांत जोडलेले. नौकेचा तळ फाडणं हे त्यांचं काम.
- त्यानंतर काटेरी तार, भूसुरुंग, रणगाडाविरोधी खंदक किंवा भिंत.

खांब गाडायची युक्ती पाहण्यासारखी आहे. घणाने ठोकायला पाऊण तास लागायचा. मग आगीच्या बंबाची नळी खांबाच्या टोकाशी धरून जोराने पाणी सोडलं, की वाळू पातळ होते आणि खांब काही मिनिटांत आपोआप खाली जातो. पाणी बंद केलं की वाळू घट्ट बसते.

दोष होतेच. टेलर सुरुंग जमिनीसाठी बनवलेला, खाऱ्या पाण्यात त्याचे खटके गंजायचे. मऊ वाळूत साळिंदर रुतून बसायचे. आणि किनाऱ्याच्या बचावाचा जर्मन सेनापती रोमेल याला चार ओळी हव्या होत्या. जूनपर्यंत भरतीच्या वरच्या आणि मधल्या पट्ट्यातल्या ओळीच झाल्या. ओहोटीच्या रेषेजवळचं काम राहून गेलं, आणि दोस्तांनी वेळ निवडली ती नेमकी ओहोटीनंतरची.

हे अडथळे हटवतात कसे?

हातांनी, स्फोटकं बांधून. ओमाहावर सॅपर पथकांना प्रत्येकी सुमारे ४५ मीटर रुंदीच्या सोळा वाटा करायच्या होत्या. पूर्ण झाल्या पाच-सहा, आणि त्यांतल्या बहुतेकांवर खुणेचे बावटे लावता आले नाहीत, म्हणजे समुद्रातून त्या दिसल्याच नाहीत. याची कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. बाजूच्या प्रवाहाने पथकं पूर्वेकडे वाहत गेली आणि उशिरा पोचली. त्यांना संरक्षण द्यायला येणारे रणगाडे बऱ्याच ठिकाणी नव्हते. स्फोटकं बांधून झाली, पण आपलेच सैनिक त्या साळिंदरांच्या आडोशाला बसलेले, मग वात पेटवायची कशी? आणि पाणी दर आठ-दहा मिनिटांना फूटभर चढत होतं.

पुळणीच्या वरच्या तारांसाठी बँगलोर टॉर्पेडो वापरतात. दीड मीटरच्या स्फोटक भरलेल्या नळ्या, एकीत एक अडकवत तारेखालून पुढे सरकवायच्या. नाव बंगळुरूचंच: १९१२ मध्ये तिथल्या मद्रास सॅपर्समधल्या कॅप्टन मॅकक्लिंटॉक यांनी ती बनवली. सगळ्यात पुढचं टोक गोलसर लावायचं, नाहीतर नळी तारेत किंवा मातीत अडते. स्फोटाने तार तुटते आणि पायाखालचे लहान सुरुंगही बहुधा उडतात. ‘बहुधा’ हा शब्द इथे महत्त्वाचा.

बंकरच्या तोफेचं तोंड समुद्राकडे का नसतं?

कारण समुद्राकडे तोंड म्हणजे युद्धनौकेला समोरासमोर लक्ष्य. पुळणीवरच्या चांगल्या बंकरची समुद्राकडची बाजू नुसती काँक्रीटची जाड भिंत असते, बहुधा दोन मीटर जाडीची. तोफेचं तोंड किनाऱ्याला समांतर, पुळणीच्या लांबीवर रोखलेलं. यातून दोन फायदे होतात. जहाजांना तोफेचा उजेडही दिसत नाही. आणि ओळीने उतरणारी माणसं समोरून पाहिली तर विखुरलेली असतात, बाजूने पाहिली तर एकामागे एक येतात. एकच मार अनेकांना लागतो.

तोटा असा की अशा बंकरला स्वतःसमोरचं दिसत नाही. त्याचं रक्षण शेजारचा बंकर करतो आणि शेजाऱ्याचं हा. जोडीतला एक पडला की दुसरा आंधळा होतो. मग सॅपर बाजूने चढतात, हवेच्या झरोक्यातून किंवा मागच्या दारातून आत हातगोळे टाकतात. म्हणून बंकरपेक्षा त्याच्या मागे खंदकात बसलेले पंधरा-वीस माणसं जास्त मोलाची. काँक्रीट ओतलं पण माणसं पुरली नाहीत, हे अटलांटिक तटबंदीचं, म्हणजे पश्चिम युरोपच्या किनाऱ्यावरच्या जर्मन बांधकामांचं, मोठं दुखणं होतं.

इतका बॉम्बवर्षाव होऊनही ठाणी शिल्लक कशी राहतात?

ओमाहावर त्या सकाळी ढग होते. आपल्याच नौकांवर बॉम्ब पडू नयेत म्हणून विमानांनी काही सेकंद उशिराने बॉम्ब सोडले. जास्तीत जास्त तीस सेकंद. तेवढ्यात विमान काही किलोमीटर पुढे जातं, त्यामुळे बॉम्ब मागच्या शेतांत पडले. जहाजांचा मारा अर्धा-पाऊण तासच चालला.

युद्धनौकेच्या तोफेची दुसरी अडचण अशी की तिचा गोळा जवळून सपाट जातो. बेशिओवर नारळाच्या ओंडक्यांचे आणि वाळूचे बंकर होते, जमिनीला चिकटलेले. वाळूने मार पचवला, काही गोळे घसरून पलीकडे गेले. वरून तिरपा मार हवा होता, तो दुरून करावा लागतो. आणि धुराळा उडाला की काय उद्ध्वस्त झालं ते कळत नाही. इवो जिमा या जपानी बेटासाठी मरीननी, म्हणजे अमेरिकेच्या समुद्री पायदळाने, दहा दिवसांचा मारा मागितला होता, मिळाले तीन.

खरा उपयोग झाला तो नंतर. ओमाहावर दुपारच्या आधी विनाशिका किनाऱ्यापासून हजार मीटरच्या आत, तळ घासेल इतक्या जवळ आल्या आणि दिसेल त्या खाचेवर एकेक करून गोळे टाकू लागल्या. चाळीस मिनिटांच्या सरसकट माऱ्याने जे झालं नाही ते या नेमक्या माऱ्याने झालं.

पोहणारे रणगाडे बुडाले का?

शर्मन या अमेरिकन रणगाड्याभोवती कापडाचा पडदा उभारायचा, त्यामुळे तो तरंगतो, आणि मागचे पंखे त्याला ढकलतात. पडद्याची कड पाण्यावर जेमतेम तीन फूट. शांत पाण्यात हे छान चालतं. ओमाहासमोर एका बटालियनने २९ रणगाडे किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर खवळलेल्या समुद्रात सोडले. २७ बुडाले. लाट बाजूने आली की पडद्याचे आधार दुमडतात आणि तीस टन लोखंड दगडासारखं तळाला जातं. शेजारच्या बटालियनने लाटा पाहिल्या आणि रणगाडे थेट पुळणीवर नेऊन उतरवले. यंत्रं दोन्हीकडे तीच होती.

बचाव पाण्याच्या कडेवरच करावा की मागे?

या वादाचा निकाल आजही लागलेला नाही. रोमेलचं म्हणणं, पहिल्या दिवशी काठावरच मोडलं नाही तर संपलं, कारण दोस्तांची विमानं मागून येणारे रणगाडे रस्त्यावरच अडवतील. त्याचा वरिष्ठ रुंडस्टेट याचं म्हणणं, कुठे उतरतील ते आधी कळत नाही. राखीव दल मागे एकवटून ठेवा आणि मोठा घाव घाला. झाली तडजोड: थोडे रणगाडे जवळ, बाकीचे हिटलरच्या परवानगीशिवाय हलणार नाहीत असे. ६ जूनला परवानगी दुपारपर्यंत आली नाही. तडजोडीत दोन्ही योजनांचे तोटे आले, असं आमचं मत.

जपान्यांनी तरावानंतर हळूहळू उलटी दिशा धरली. इवो जिमावर सेनापती कुरीबायाशी यांनी पुळणीवर माणसं गर्दी होईपर्यंत मारा रोखून धरायला लावला आणि बचाव डोंगरातल्या बोगद्यांत आत खोल नेला. १९ फेब्रुवारी १९४५ ला उतरलेल्या मरीनना सगळ्यात आधी छळलं ते ज्वालामुखीच्या काळ्या राखेने: पाय घोट्याच्या वर रुतायचे, खड्डा खणला की कडा ढासळायच्या, चाकांची वाहनं फिरायचीच नाहीत. बेट शेवटी पडलं, पण त्याला पाच आठवडे आणि जवळपास ६,८०० अमेरिकन जीव लागले. बचावकर्त्याला वेळ विकत घ्यायचा असेल तर हा मार्ग. किनारा राखायचा असेल तर नाही.

मोठ्या किनारी तोफांचा काही उपयोग होतो का?

अरुंद पाण्यात होतो. ९ एप्रिल १९४० ला ऑस्लोच्या खाडीतल्या ऑस्कर्सबोर्ग किल्ल्याने १८९० च्या दशकातल्या तोफा आणि जुने टॉर्पेडो वापरून ब्लूखर ही नवी कोरी जर्मन क्रूझर बुडवली. अंतर दोन किलोमीटरच्या आत. त्या विलंबात नॉर्वेचा राजा आणि सरकार निसटलं.

सिंगापूरच्या तोफा ‘चुकीच्या दिशेला’ होत्या, हा प्रवाद अर्धाच खरा. १५ इंची पाच तोफांपैकी काही जमिनीकडे वळू शकत होत्या आणि वळवल्याही. त्यांच्याकडचे गोळे मात्र बहुतांशी जहाजाचं चिलखत भेदणारे होते. मऊ जमिनीत असा गोळा खोल घुसतो आणि पायदळाचं फारसं काही बिघडवत नाही.

एकदा उतरलं की जिंकलं, असं म्हणता येईल?

नाही. २२ जानेवारी १९४४ ला इटलीत अँझिओला ३६,००० माणसं पहिल्याच दिवशी जवळजवळ विनासायास उतरली. पण ती तिथेच थांबून बस्तान बसवू लागली. इटलीतला जर्मन सेनापती केसेलरिंग याने आसपासच्या तुकड्या गोळा करून टापू घेरला आणि कोंडी मे महिन्याअखेरपर्यंत सुटली नाही. ही शर्यत आहे: समुद्रातून रोज किती टन आणि किती माणसं येतात, विरुद्ध रस्त्याने शत्रूची कुमक किती येते. म्हणून पूल उडवणं, रेल्वे मोडणं आणि भलत्याच ठिकाणी उतरण्याचा आभास निर्माण करणं हे चढाईचंच काम. नॉर्मंडीनंतरही काही आठवडे जर्मन पंधरावी सेना इंग्लंडला सगळ्यात जवळच्या पा-द-काले किनाऱ्यावर दुसऱ्या चढाईची वाट पाहत बसून होती.

माल कसा भरतात, आणि बंदर नसताना उतरवतात कसा?

व्यापारी जहाज जागा वाया जाऊ नये असं भरतात. इथे उलट: जे आधी लागेल ते शेवटी, वर भरायचं. जागा वाया जाते, ते मान्य करायचं. एकाच प्रकारचा माल एकाच जहाजात भरायचा नाही. दारूगोळ्याचं जहाज बुडालं तर सगळा दारूगोळा जातो.

नॉर्मंडीत लढणाऱ्या एका डिव्हिजनला दिवसाला साधारण ६०० ते ७०० टन लागायचे. त्यासाठी ‘मलबेरी’ ही दोन कृत्रिम बंदरं इंग्लंडहून ओढत नेली. जुनी जहाजं बुडवून आणि सहा हजार टनांपर्यंतच्या काँक्रीटच्या पेट्या टेकवून लाटा अडवल्या, आत तरंगते रस्ते. जूनच्या वादळात ओमाहासमोरचं बंदर मोडलं, आरोमांशचं टिकलं. गंमत म्हणजे बंदर मोडल्यावरही ओमाहाच्या उघड्या पुळणीवर अपेक्षेहून अधिक माल उतरला. त्यामागे पुळणीवरचा अधिकारी असतो. कुठली नौका कुठे लागेल, बंद पडलेली गाडी बाजूला कोण ओढेल, रिकाम्या नौकेतून जखमी कोण जातील, हे तो ठरवतो. उतरणारा कर्नल असला तरी पुळणीवर त्याने या अधिकाऱ्याचं ऐकायचं.

सैनिक किती ओझं घेऊन उतरतात?

ओमाहावर तीस किलोच्या आसपास, आणि भिजल्यावर त्याहून जास्त. कमरेला फुगवायचा पट्टा दिलेला असायचा. तो काखेत बांधायचा असतो. कमरेला फुगला की पाठीवरचं ओझं डोकं खाली आणि पाय वर करतं. बरेच जण असेच बुडाले.

पाणसुरुंग कितपत अडवतात?

स्वस्तात सगळ्यात जास्त. ऑक्टोबर १९५० मध्ये उत्तर कोरियातल्या वोन्सानच्या बंदरात सुमारे ३,००० सुरुंग होते. ते काढताना पायरेट आणि प्लेज ही सुरुंगशोधक जहाजं बुडाली, आणि मरीनना घेऊन आलेला ताफा आठवडाभर समुद्रात येरझाऱ्या घालत राहिला. ते २६ तारखेला उतरले तेव्हा शहर दक्षिण कोरियाच्या सैन्याने जमिनीवरून कधीच घेतलं होतं.

आज अशी चढाई होऊ शकते का?

होऊ शकते, पण जिथे बचाव आहे तिथे समोरून फार क्वचित. हवेच्या उशीवर चालणाऱ्या हॉवरक्राफ्टला उताराचं गणित जवळजवळ लागू नाही आणि हेलिकॉप्टरला पुळणच लागत नाही, त्यामुळे उतरण्याजोगा किनारा कितीतरी वाढला. त्याच वेळी किनाऱ्यावरच्या ट्रकवरून सोडलेलं क्षेपणास्त्र शेकडो किलोमीटरवरचं जहाज गाठतं. एप्रिल २०२२ मध्ये मोस्कवा ही रशियन क्रूझर अशीच बुडाली. म्हणून जहाजं दूर राहतात, आणि दूर राहिली की फेऱ्या कमी होतात.

फॉकलंडमध्ये २५ मे १९८२ ला अटलांटिक कन्व्हेयर या मालवाहू जहाजाला एक्झोसेट क्षेपणास्त्र लागलं आणि त्यावरची तीन चिनूक हेलिकॉप्टरं जळाली. त्यामुळे सान कार्लोसहून स्टॅन्लीकडे बरीचशी माणसं पाठीवर ओझं घेऊन चालत गेली. दुसरीकडे, १९९१ मध्ये कुवेतसमोर मरीन नौकांत बसूनच राहिले. त्यांनी उतरायची नुसती शक्यता ठेवली आणि इराकच्या तुकड्या किनाऱ्याकडे तोंड करून बसल्या.

जुने बंकर आणि अडथळे अजून दिसतात का? आत जाता येतं का?

बंकर भरपूर दिसतात. काहींच्या खालची वाळू वाहून गेल्याने ते तिरके होऊन समुद्रात पडले आहेत. साळिंदर फारसे उरले नाहीत, कारण जून-जुलै १९४४ मध्येच अमेरिकनांनी ते कापून रणगाड्यांच्या नाकाडावर दात म्हणून जोडले आणि नॉर्मंडीच्या शेतांमधले मातीचे बांध फोडायला वापरले.

सुरुंगांचं मात्र जपून. डेन्मार्कमधला स्कालिंगेनचा किनारा २०१२ मध्ये सुरुंगमुक्त जाहीर झाला, म्हणजे युद्ध संपून ६७ वर्षांनी. वादळानंतर पुळणीवर गंजलेली थाळी, नळकांडं किंवा वाळूतून डोकावणारा खटका दिसला तर हात लावायचा नाही, दगड मारायचा नाही, घरी तर न्यायचाच नाही. आलेल्या पावलांवरून मागे फिरायचं, लांबून खूण लक्षात ठेवायची आणि पोलिसांना कळवायचं. स्फोटक जुनं झालं तरी निकामी होत नाही. गंजतो तो बहुधा सुरक्षेचा खटका.